जिजीची एक बुगडी

आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे. चुलतकाकांनी ती फार कष्टानं तयार केली. सिन्नर तालुक्यातल्या मूळ गावी खेटे घातले, सातबारे आणि जुने फेरफार उतरवून घेतले, मोठ्या कागदावर झाड काढलं आणि भाऊबंदांत वाटलं. सात पिढ्यांचे पुरुष त्यात ओळीनं बसले आहेत. बाई एकही नाही. माझ्या आज्या-पणज्या नाहीत, आत्या नाहीत, मी नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं, कागदावर जे सापडलं ते लिहिलं. बायकांची नावं कागदावर असतात कुठं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जमीन पुरुषांच्या नावावर, म्हणून नोंदीही पुरुषांच्या. बायका शोधायच्या तर मला दोनच जागा दिसत होत्या. एक घरातले जुने फोटो, आणि दुसरी ते फोटो पाहून बोलू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आठवण.

फोटो माझ्याकडे आले ते वाडा रिकामा करताना. नाशकात सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, गंगेकडे म्हणजे गोदावरीकडे उतरणाऱ्या बोळात आमचा वाडा होता. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा ढासळतो. आमच्याही मागच्या भिंतीनं पोट काढलं होतं. उतरवायचं ठरलं तेव्हा हंडे, घंगाळं, बंब, सागवानी कपाटं यांची वाटणी झाली. फोटोंची पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवरच्या तसबिरी कुणी मागितल्या नाहीत, त्या मी घेतल्या.

फोटो हातात आले की माणूस चेहरे ओळखायला लागतो. मी आधी मागची बाजू पाहायला सुरुवात केली. कुठं पेन्सिलीनं लिहिलेलं, कुठं स्टुडिओचा शिक्का, कुठं आल्बमच्या काळ्या कागदाचा चिकटलेला तुकडा. मग कागद आणि आकार. जाड पुठ्ठ्यावर डकवलेले स्टुडिओतले फोटो सगळ्यांत जुने. त्यांच्या काळोख्या भागांत आणि कडांना निळसर चंदेरी झाक येते, कारण आतली चांदी वर येऊन बसते. दातेरी कडांचे छोटे फोटो साधारण पन्नास-साठच्या दशकातले. चौकोनी फोटो मधल्या काकांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातले. त्यात १२० चा रोल घातला की बारा फोटो निघत, त्यामुळे एकेक फोटो विचार करून काढलेला. आणि लालसर पडलेले रंगीत फोटो ऐंशीच्या दशकातले. माणसं न ओळखताही एवढ्यावरून ढोबळ काळ लावता येतो, आणि तो आधी लावून ठेवलेला बरा. पुढे कुणी छातीठोकपणे चुकीचं साल सांगितलं, तर कागदच बोलतो.

ट्रंकेतल्या तळाच्या फोटोंवर मातकट रेघ होती. सप्टेंबर १९६९ च्या महापुराचं पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा ट्रंक ओसरीतच होती. काही फोटो एकमेकांना घट्ट चिकटून वडी झालेले. ओढून काढायचे नाहीत, एवढं मला मेनरोडवरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनी बजावून सांगितलं. जिलेटिनचा थर सुटतो आणि चेहराच निघून येतो. तसबिरींमध्ये ओलीनं काचेला चिकटलेले फोटोही त्यांनी सोडवू दिले नाहीत. काचेसकट, तिरपा उजेड देऊन, त्यांचा फोटो काढला. चिकट पानांच्या आल्बममधले फोटो मात्र काढावेच लागले, कारण त्या पानांचा गोंद फोटो खातो. दात साफ करायचा बारीक धागा फोटोखालून हळूहळू सरकवत नेला की बरेचसे सुटतात.

स्कॅनिंगची हकीकत लांबवत नाही. ६०० डीपीआय, पुढची आणि मागची दोन्ही बाजू, टिफ फाइल, प्रत्येकाला क्रमांक, आणि तोच क्रमांक मागे मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं. बॉलपेन नाही, त्याचा दाब पुढं उमटतो. प्रती तीन, त्यातली एक पुण्याला भावाकडे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही फोटो टाकले. तिथं फोटो साधा पाठवला तर बारीक होऊन जातो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो. पण ग्रुपवर नावं मिळाली नाहीत. माणसासमोर बसावंच लागतं.

मोठी आत्या पंचवटीत राहते, ऐंशी ओलांडलेली. धाकटी आत्या नाशिकरोडला. मोठ्या आत्यापासून सुरुवात केली. पंखा बंद, फोन विमान मोडवर, खाली घडी घातलेला टॉवेल म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. "आत्या, तुझा जन्म कुठला?" असं विचारलं की ती शाळेत उत्तर दिल्यासारखं एका वाक्यात संपवायची आणि म्हणायची, "झालं का तुझं? चहा टाकू?" मग प्रश्नांची वही मिटली आणि एक-एक फोटो मोठा छापून तिच्या हातात दिला. मोबाइलच्या पडद्यावर नाही, कागदावर. कागद हातात आला की ती तो खिडकीपाशी नेते, बोट ठेवते, लांब धरते, आणि बोलणं सुरू होतं.

ती चेहऱ्यांकडे सगळ्यांत शेवटी बघते. आधी फरशी, भांडी, लुगडी. "हा आपला चौक न्हाई. आपल्याकडं शहाबादी व्हती, ही बघ, ही दगडी." त्यावरून कळलं की ज्या फोटोला सगळे 'वाड्यातलं हळदीकुंकू' म्हणत, तो आजीच्या माहेरचा होता. म्हणजे त्यात बसलेल्या ज्या बायकांना आम्ही आपल्या चुलत आज्या समजत होतो, त्या आजीच्या बहिणी आणि भावजया. एका फरशीवरून एक अख्खं माहेर सापडलं.

साल विचारायचं नाही, हेही तिच्यामुळेच उमगलं. ती काळ मोजते तो असा: "गंगेला मोठा पूर आला तव्हा", "कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत", "मिलोची भाकरी खायचो तव्हा", "तुझा बाप पोटात व्हता". आपण नंतर बसून लावायचं. मोठा पूर १९६९, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मिलो ही बाहेरून आलेली लाल ज्वारी, म्हणजे १९७२ चा दुष्काळ. बाळंतपणं आणि बारशी या बायकांच्या कॅलेंडरावरच्या खुणा आहेत, आणि त्या फार क्वचित चुकतात. दोन्ही आत्यांना एकत्र बसवलं तेव्हा नारोशंकराच्या देवळाला पाणी लागलेल्या एका चौकोनी फोटोवरून वाद झाला. धाकटी म्हणाली हा नंतरचा पूर. मोठी म्हणाली, "मी बाळंतपणाला आले व्हते, मला सांगती का?" त्या बाळाचा जन्मदाखला आहे. मोठी बरोबर होती.

आता जिजीबद्दल. जिजी म्हणजे माझी पणजी, आप्पांची आई. तिची तसबीर आमच्या माजघरात होती. हातानं रंगवलेलं मोठं एन्लार्जमेंट, मागे गडद हिरवा पडदा, काठापदराचं जांभळं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोल कुंकू, दोन्ही कानांत मोत्याच्या बुगड्या. लहानपणापासून जिजी म्हणजे हीच. त्या तसबिरीचा फोटो आत्याच्या हातात दिला तर तिनं पाहिला आणि बाजूला ठेवला.

"ही जिजी न्हाई."

"अगं, तीच. माजघरातली."

"तोंड तिचंच आहे. बाकी न्हाई. असलं लुगडं तिनं जन्मात नेसलं न्हाई. आन् ती आडवं कुंकू लावायची. बुगडी तर एकाच कानात."

हे बोलणं रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि त्याच्या पाठोपाठ बराच वेळ फक्त रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज. आत्या काही आठवत होती, मी मध्ये बोलले नाही. ही एक गोष्ट मी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नये. गप्प बसलेलं माणूस बऱ्याचदा सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी येऊन थांबलेलं असतं.

मग ती म्हणाली, "दुसरी मोडली ना आप्पांच्या परीक्षेला."

आप्पा, माझे आजोबा, मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि त्या जोरावर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चिकटले. नोटा आणि तिकिटं छापणारी प्रेस. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. आमच्या सगळ्या घराचं बस्तान त्या नोकरीवर बसलं. 'आप्पा स्वतःच्या हिमतीवर शिकले' हे वाक्य मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला ऐकलं आहे. ते शिकले हे खरंच. पण पणजोबा तेव्हा भांडी बाजारात एका दुकानात हिशेबाला होते आणि ती नोकरी सुटली होती. परीक्षेची फी, राहण्याचा खर्च, पुस्तकं यांसाठी जिजी सराफाकडे गेली. तिच्याजवळ सोनं म्हणून काय ते माहेरच्या बुगड्यांचा जोड. "जोडच मोडा, भाव चांगला देतो," असं सराफ म्हणाला. जिजीनं एकच दिली. एवढी हकीकत आत्यानं खुद्द जिजीच्या तोंडून ऐकलेली. "मला म्हनायची, एक पोराला दिली, एक आईची ठेवली."

आत्याच्या या बोलण्यानंतर मी फोटोंकडे परत गेले. तसबिरीतला चेहरा जर खरा आणि बाकी सगळं चित्रकाराचं, तर तो चेहरा कुठून तरी उचललेला असणार. त्या काळी ही रीतच होती. माणूस गेलं की घरात त्याचा एकट्याचा फोटो नसायचा, विशेषतः बाईचा. मग लग्नाच्या ग्रुप फोटोतून तेवढं डोकं मोठं करून घ्यायचे आणि स्टुडिओतला चित्रकार खांदे, लुगडं, दागिने रंगवून द्यायचा. आमच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावरचा एक मोठा ग्रुप फोटो होता, मागे पेन्सिलीनं 'आप्पाचे लग्न' एवढंच. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पुरुष, पटके आणि टोप्या. मागे उभ्या बायका, बऱ्याचजणी कुणाच्या ना कुणाच्या पटक्याआड. स्कॅन मोठा करत एकेक चेहरा पाहत गेले. डावीकडून पाचवी बाई. मान जराशी उजवीकडे कललेली, अगदी तसबिरीतल्यासारखी. कपाळावर काळी आडवी रेघ. त्या वेळी स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे कुंकू काळं उमटतं. मी आधी तो फोटोवरचा ओरखडा समजून पुढे जाणार होते, पण सगळ्याच सवाष्णींच्या कपाळावर काळं आहे, फक्त इतरांचं गोल. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे, दोन्ही कान उघडे. डाव्या कानाच्या वरच्या पाळीत बुगडीचा पांढरा ठिपका. उजव्या पाळीत काही नाही.

छापून आत्याकडे नेला. तिनं बोट ठेवलं ते थेट तिथंच. "ही माझी जिजी." आणि लगेच, "ही ठकी असंल."

जिजीच्या कडेवर एक मूल होतं. परकर नेसलेली मुलगी, हललेली, म्हणून तोंड पुसट. कुणातरी पाहुण्याचं मूल असेल असंच सगळे धरून चालले होते. ती आप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत देवीच्या आजारानं गेली. आत्यानं तिला पाहिलेलं नाही, आत्याचा जन्म पुष्कळ नंतरचा. पण जिजी दरवर्षी वैशाखात एक दिवस गोडधोड करत नसे, आणि का करत नाही ते तिनं एकदा या नातीला सांगितलं होतं. काकांच्या वंशावळीत आप्पा एकुलते एक आहेत.

याच सुमारास मी रामकुंडावर आमच्या गावाच्या तीर्थपुरोहितांकडे गेले. गावोगावच्या घराण्यांची नावं त्यांच्या बाडांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. गाव आणि आडनाव सांगितलं तसं गुरुजींनी नेमकं बाड काढलं. पणजोबांची सही, त्यांच्या वडिलांचं नाव, काका जिथून सुरुवात करतात त्याच्याही मागची एक पिढी. आणि आप्पांच्या अक्षरात: मातोश्रींच्या अस्थी, शके १८८०, कार्तिक. म्हणजे १९५८ च्या वर्षअखेरीस जिजी गेली, आणि तसबीर त्यानंतरची. नाव लिहिलंय ते सासरचं, लग्नात तांदळाच्या ताटात गिरवलेलं. ठकीची नोंद नाही. एवढ्या लहान लेकरासाठी कुणी अस्थी घेऊन येत नव्हतं.

इथे एका दुसऱ्या फोटोबद्दल सांगायला हवं. माझे वडील आठ-नऊ वर्षांचे, डोक्याला मुंडासं, हातात लाल फडक्यातला चांदीचा टाक. धुळवडीला नाशकात वीर निघतात. घरातले पूर्वज म्हणून पुजलेले टाक मुलांच्या हाती देऊन वाजतगाजत गंगेवर न्यायचे, न्हाऊ घालायचे. आमच्या घरचा टाक पणजोबांच्या भावाचा, बिनलग्नाचा गेलेला. कसा गेला ते आत्यानं सांगितलं, आणि मग म्हणाली, "हे लिहायचं न्हाई." ते रेकॉर्डिंग मी तिच्यासमोरच पुसलं. सांगणाऱ्याचा तेवढा हक्क पाळला नाही तर पुढचं काहीही ऐकायचा आपल्याला अधिकार उरत नाही. पण मनात एक गोष्ट घर करून राहिली. त्या मुलाला आमच्या घरात दरवर्षी रामकुंडाचं स्नान मिळतं, आणि त्याच घरातली चार-पाच वर्षांची मुलगी कुठंच नाही. फोटोतल्या त्या पुसट चेहऱ्याशिवाय आणि एका म्हातारीच्या ऐकीव आठवणीशिवाय तिचा दुसरा पुरावा नाही. आत्या बोलली नसती तर तीही गेली असती.

जिजीचं माहेरचं नाव धाकट्या आत्याला ठाऊक होतं. गंमत म्हणजे मोठीला ते माहीत नव्हतं. जिजी शेवटच्या आजारात धाकटीला जवळ घेऊन बसायची आणि आपल्या भावानं हाक मारावी तशी स्वतःलाच हाक मारायची. धाकटीनं रेकॉर्डिंगमध्ये ती हाक मारून दाखवली आहे. लिहिलेलं नाव आणि तो आवाज यांत फार अंतर आहे. म्हणून मी नुसतं टिपण ठेवत नाही, मूळ ध्वनिफीत फोटोच्या क्रमांकासकट ठेवते, आणि कितव्या मिनिटाला कोणत्या फोटोबद्दल बोलणं आहे ते हातानं लिहून काढते. फोनवरची आपोआप लिहून देणारी सोय आत्यांच्या बोलीपुढे टिकत नाही. 'व्हता'चं भलतंच काही करते. ऐकून लिहिताना वेळ जातो खरा, पण पहिल्या ऐकण्यात निसटलेलं दुसऱ्या वेळी सापडतं. 'एक आईची ठेवली' हे वाक्य मला असंच दुसऱ्यांदा ऐकताना नीट कळलं. त्या बुगड्या जिजीला तिच्या आईनं दिलेल्या होत्या, म्हणजे आणखी मागची एक बाई त्या एका वाक्यात होती.

काकांना हे सगळं नेऊन दाखवलं. ग्रुप फोटो, मोठा केलेला कान, बाडातल्या पानाचा गुरुजींच्या परवानगीनं काढलेला फोटो, आणि आत्यांचा आवाज. आवाज त्यांनी दोनदा लावायला सांगितला. मग वंशावळीची मूळ फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "सुना माहेरच्या नावासकट घाल. आणि मुली सगळ्या घाल, गेलेल्यासुद्धा." काम बरंच बाकी आहे. ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतल्या चौघीजणी अजून बिननावाच्या आहेत. ठकीसाठी गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकाची, नक्कल मागणारा अर्ज सिन्नर तहसील कार्यालयात दिला आहे.

जिजीचं माहेर निफाड तालुक्यातलं. तिच्या भावाच्या नातसुना तिथे आहेत आणि त्यांच्याकडेही तसबिरी आहेत असं फोनवर कळलं. द्राक्षांची छाटणी उरकली की या, म्हणाल्या. मोठी आत्या येणार आहे, तिला जिजीच्या आईचा फोटो बघायचाय. स्कॅनर तिथेच नेणार आहे. फोटो त्यांचे, ते त्यांच्या घरातून हलवायचे नाहीत.